पुलाच्या अर्ध्यावरची नर्स

...नाही, मला सांगा, सर्दीचं औषध मी लिहू शकते, रक्तदाबाचं लिहू शकते, साखरेचं लिहू शकते, डोसातला एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर माणूस पुन्हा उठणार नाही असलं हृदयाचं औषधसुद्धा लिहू शकते, आणि म्हातारा दुखण्यानं चादर चावत पडलाय, तेव्हा? तेव्हा सही लागते! कुणाची? डॉक्टरची! आणि डॉक्टर कुठे? झाडावर!

हसू नका. खरंच झाडावर. आमच्या मिझुरी राज्यात नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू होते ना, त्याच्या आदल्या दिवशी दुपारपासून अख्खा तालुका जंगलात. शाळामास्तर मचाणावर, पाद्री मचाणावर, आणि आमचे डॉक्टर ओल्थॉफ, वय वर्षं एकतीस, तेही मचाणावर. तिथे फोन लागत नाही. लागला तरी घेत नाहीत, हरीण पळतं म्हणे!

तुम्हाला सांगते, सोळा वर्षं मी नुसती नर्स होते, मग पुन्हा शिकले, परीक्षा दिल्या, नर्स प्रॅक्टिशनर झाले. म्हणजे काय, तर पेशंट मी तपासायचा, निदान मी करायचं, औषध मी ठरवायचं. गावात दुसरं आहेच कोण? दवाखाना मी उघडते, बंदही मीच करते. डॉक्टर दर मंगळवारी येतात. कायद्यानं माझ्यावर देखरेख त्यांची. हेच ब्रेनन ओल्थॉफ शिकाऊ होते तेव्हा याच दवाखान्यात माझ्याच हाताखाली सहा आठवडे होते बरं का! कान तपासायची दुर्बीण उलटी धरायचे. आता माझे वरिष्ठ! असू दे. पोरगा गुणी आहे. पण अफूच्या जातीतलं औषध लिहायचं म्हटलं की सही लागते, आणि ती माझी चालत नाही.

तर तो शुक्रवार. दुपारी एकला नोरीनचा फोन. नोरीन म्हणजे आमच्या ईनक बाउअर्लेची मुलगी. आणि ईनक म्हणजे... अहो, चाळीस वर्षं शाळेची बस चालवली त्या माणसानं. तालुक्यात पन्नाशीच्या आतलं एक माणूस दाखवा जे त्याच्या बसमध्ये ओकलं नाही. मी स्वतः दोनदा. आता एक्क्याऐंशी वर्षांचा, कॅन्सर हाडांत उतरलेला, कुणाच्याच हातात काही नाही.

"वेल्डा, कालपासून गोळीचा उपयोग होत नाहीये. बाबा ओरडत नाहीत गं. ओरडले असते तर बरं झालं असतं."

गेले मी. ईनक भिंतीकडे तोंड करून, दोन्ही मुठी आवळलेल्या. मला म्हणतो, "कोण, वेल्डा? पुढे बसलीस का? मागे बसलीस की तुला मळमळतं." हे अशा अवस्थेत!

शेवटच्या आजारात घरी येऊन सांभाळतात ती माणसं सोमवारी येणार होती, नोंदणी झालेली. सोमवार! शुक्रवार ते सोमवार म्हणजे किती, ते ज्याच्या घरात कुणी असं पडलंय त्यालाच विचारा. माझे यजमान गेले तेव्हा मी मोजलंय. त्याबद्दल मी बोलत नाही, आत्ताही बोलणार नाही.

डॉक्टरांना फोन लावला. अकरा वेळा. निरोप ठेवले. त्यांच्या बायकोला लावला, ती म्हणे, "अहो, मला आनंदच झालाय, चार दिवस घर शांत!" शेजारच्या गावातल्या डॉक्टरला लावला. तो म्हणे, "मी पेशंट बघितलेला नाही, तुमचा करार माझ्याशी नाही, सहीसाठी तुम्ही तुमच्या डॉक्टरांना..." अहो, झाडावर आहेत ते! मग मोठ्या इस्पितळात न्यायचं? तास-सव्वा तास दूर. ईनकनं तेवढं ऐकलं आणि पहिल्यांदा तोंड भिंतीकडून वळवलं. "तिथे माझी बायको गेली, मार्था. मी नाही जाणार. मला माझ्या बिछान्यात मरू दे, पोरी. एवढं एकच मागतोय."

आता गंमत ऐका. ही औषधं घेतली की पोट गच्च बांधतं, म्हणून सोबत पोट साफ व्हायचं औषध द्यावंच लागतं. ते मी लिहू शकत होते! म्हणजे आजाराचं नाही, औषधाचं औषध माझ्या सहीनं चालतं, आणि मूळ औषधाला सही लागते! कुठल्या शहाण्यानं...? जाऊ दे.

मी खिडकीशी उभी. समोर नदी. नदीपलीकडे नेब्रास्का. आणि तिथलं लायसन्स माझ्या पाकिटात! वर्षातून आठ-दहा दिवस मी तिकडच्या दवाखान्यात बदलीवर जाते. तिथे नर्स प्रॅक्टिशनरला कुणाची सही लागत नाही. तेच औषध, तीच मी, हेच डोकं. फक्त पेशंट त्या काठाला पाहिजे. कायदा माणसाचं दुखणं बघत नाही, माणूस कुठल्या मातीवर आहे ते बघतो.

"नोरीन," मी म्हटलं, "गाडीत गाद्या टाक."

"कुठे नेतेस बाबांना?"

"परराज्यात."

तुम्हाला काय सांगू! पाच मैलांचा रस्ता, खड्डेच खड्डे. नोरीन चालवतेय, मी मागे ईनकचं डोकं मांडीवर घेऊन. आणि हा माणूस, घामानं निथळतोय, ओठ पांढरे पडलेत, पण चाळीस वर्षांची खोड जाते का? "ब्रेक हळू... पुढे खळगा आहे, डाव्या अंगाला घे... क्लच सोड गं, क्लच सोड!" ती म्हणे, "बाबा, ही ऑटोमॅटिक आहे!" "मग नुसती बस. गाडीला चालवू दे."

मग तो जुना लोखंडी पूल. अर्ध्यावर दोन राज्यांच्या पाट्या. ईनकनं पाटी बघितली आणि दातांवर दात दाबून मला विचारलं, "झालीस का हुशार?"

"झाले की. आत्ताच."

पलीकडे औषधाच्या दुकानासमोर गाडी लावली. तिथेच त्याला तपासलं, नाडी, श्वास, पोट, सगळं रीतसर. गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून लिहिलं. सही केली. माझी. दुकानात गेले, दुकानदारानं बघितलं, म्हणाला, "पंधरा मिनिटं." मी उभीच.

"अजून काही?"

"नाही, ते... सही?"

"आहे की. ही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग?"

मग काय! सवय नाही हो. मेलं डोळ्यात पाणी आलं, औषधाच्या दुकानात, टूथपेस्टच्या फळीसमोर.

पहिला डोस गाडीतच दिला. वाट बघितली. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं... नोरीन रेडिओ लावते, बंद करते. श्वास मी मोजत होते. मग बघते तर ईनकच्या मुठी उघडलेल्या. दोन्ही. तळव्यांवर नखांचे लाल चंद्र. आणि म्हातारा घोरतोय! नोरीन स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली आणि तिचं कपाळ हॉर्नवर पडलं, अख्खं नेब्रास्का दचकलं, पण हा उठला नाही.

परत येताना पुलाच्या अर्ध्यावर मात्र एक डोळा उघडला. पाटी गेली तसा म्हणाला, "घे. झालीस पुन्हा साधी."

सोमवारी ती माणसं आली, पुढचं त्यांनी सांभाळलं. पुढच्या शुक्रवारी ईनक गेला. सकाळी, स्वतःच्या बिछान्यात, नोरीनला पडदा सरकवायला सांगून. मुठी उघड्या होत्या. मी बघितल्या.

आणि डॉक्टर? आले की मधल्या मंगळवारी, ईनक होता तेव्हाच! शिंगांना आठ टोकं असलेलं हरीण मिळालं म्हणून खूश, आणि अकरा निरोप ऐकून तेवढेच ओशाळे. खरंच ओशाळे. कायद्यानं माझ्या दहा फायलींतली एक त्यांनी तपासायची असते. त्यांनी नेमकी ईनकची घेतली, नेब्रास्कातल्या कागदाची प्रतही तिला जोडलेली. वाचली. पुन्हा वाचली.

"वेल्डा, एक विचारू? मॉर्फिन का नाही दिलंत? मी असतो तर तेच लिहिलं असतं."

"किडनी बघा त्याची, डॉक्टर. मॉर्फिनचा उरलेला भाग किडनीतून बाहेर जातो. इथे गेला नसता, साचला असता. दोन दिवसांत बरळला असता, झटके आले असते. म्हणून दुसरं दिलं, निम्म्या डोसावर."

"निम्म्या? आणि दोन डोसांत अंतर किती ठेवलंत?"

सांगितलं. दहा मिनिटं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली, "हे कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं हो" म्हणाले. मनापासून म्हणाले.

मग फायलीचं शेवटचं पान काढलं. तिथे छापलेलंच असतं: 'प्रकरण तपासले व नर्सला आवश्यक मार्गदर्शन केले.' त्याखाली झोकदार सही केली, आणि मान वर करून मला विचारतात,

"आज तारीख काय हो?"

सांगितली मी. न सांगून करते काय?