नूडलच्या पोटाची काळजी

लंडनच्या हाउन्सलोमधल्या व्हेटकडे देविका मांजर घेऊन बसली होती. मांडीवर तान्हा वीर होता, पण कान शेजारच्या आजी-नातीकडे होते. नातीच्या हातातल्या डब्यात साप होता.

“आजी, नूडलने आज पण माऊस नाही खाल्ला, तर व्हेट तोंडात ट्यूब घालून भरवणार.”

“अगंबाई! लाडाने भरवून बघ ना.”

“साप आहे तो! मी माऊस फ्रीझरमधून काढून गरम पाण्यात पण ठेवते, ताजा वाटावा म्हणून.”

“माहितीय. त्या पाण्यात मीच चिमूटभर हिंग टाकते ना.”

“व्हॉट? कशाला?”

“अख्खा उंदीर गिळतो बिचारा, गॅस नको व्हायला. तू तान्ही असताना तुझ्यापण बेंबीला हिंगच लावायचे.”

“आजी! म्हणून तो खात नाही! चल घरी, ट्यूब कॅन्सल. आज माऊस प्लेन.”

“प्लेन? निदान ओवा तरी?”