चंद्रीचा कडबा

अर्जाचा नमुना मला शिकवू नका, त्यात मी गयाकाकूंपुढं एकदा हरलोय. दुष्काळात वडवणीकडच्या आमच्या दूध सोसायटीच्या काकू चेअरमन आणि मी सचिव. चाऱ्यासाठी साहेबांना अर्ज करायचा होता. मी विषय लिहिला, महोदय लिहिलं, जनावरं चाळीस लिहिली आणि वाचून दाखवलं.

"यात आपली चंद्री कुटं हाय?" काकू म्हणाल्या.

"काकू, सरकारी अर्जात गायीचं नाव लिहीत नसतात. चाळिसात आली की ती."

"आली कशी? गाभण हाय ती. उसाचं वाढं पचत न्हाई तिला, कडबाच लागतो. लिव्ह तसं."

"साहेब हसतील."

"हसू दे. लई दिवसात हसले नसतील बिचारे."

मी आपलं सहीच्या खाली, बारीक अक्षरात लिहून टाकलं.

पुढच्या आठवड्यात ट्रक आला, उसाच्या वाढ्यानं गच्च भरलेला. ड्रायव्हरनं मात्र केबिनमधून कडब्याच्या पेंढ्या काढल्या आणि विचारलं, "चंद्री कुणाची? हे तिचं हाय. साहेब म्हणले, व्याली की पत्र टाका."