सात नंबर, वार्ड नऊची पुलिया

नाही, पण मला एक सांगा, एखाद्या माणसानं समोसा खाल्ला का नाही खाल्ला, यात नगर परिषदेची अख्खी बैठक जाते का कुठं? जाते! आमच्या उमरटोल्यात जाते! सकाळी अकरा ते दुपारी दीड, पंधरा पार्षद म्हणजे नगरसेवक, एक अध्यक्ष दीदी, वर एक पंखा... आणि विषय काय, तर चंद्रशेखरजींनी समोसा खाल्ला का नाही! आणि मी आपला दाराजवळच्या बाकावर, अर्जाची कॉपी मांडीवर धरून बसून राहिलो, आता येईल सात नंबर, मग येईल सात नंबर... कशाचा येतो!

सात नंबर म्हणजे काय, ते सांगतो न. थोडं मागून सांगावं लागते, पण ऐका.

तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं मी जबलपूरच्या फॅक्टरीत फिटर होतो. छत्तीस वर्षं रांझीच्या क्वार्टरात काढली. क्वार्टर सरकारचं, दार सरकारचं, दारावरचा हिरवा रंगही सरकारचा, एक खिळा ठोकायचा तर अर्ज करा! आमची अंजनी त्याच क्वार्टरात जन्मली. तेव्हाच मी विभावरीला, म्हणजे आमच्या हिला, म्हटलं होतं, पोरगी सासरी जाईल तर आपल्या स्वतःच्या दारातून जाईल. मग रिटायर झालो, तिलवाऱ्याचा पूल ओलांडून इकडं उमरटोल्यात प्लॉट घेतला, फंडातून घर बांधलं आणि सामोर दार लावलं सागवानी! दोन पल्ल्यांचं! पितळी कडी! येणारा-जाणारा थांबून पाहे. अंजनीचं लग्न जुळलं पुलगावला, मुलगा डेपोत, व्याही मुरलीधरराव एकदम सज्जन माणूस. तारीख ठरली अकरा मे. विभावरीची बहीण म्हणे, कांचघरला हॉल घ्या, काहून एवढा ताप करून घेता? मी म्हटलं, हॉल-बिल काही नाही. मांडव अंगणात, वरात दारात.

आणि जानेवारीत नगर परिषदेनं त्या दारासमोर नाली खोदली.

नाली म्हणजे तुम्ही म्हणाल, एवढुशी असेल. अरे बाप्पा! चार-साडेचार फूट रुंद, छातीएवढी खोल, या टोकापासून त्या टोकापर्यंत! मजूर आले, खोदलं, दोन्हीकडून सिमेंट मारलं आणि चालले गेले. मी धावलो मागं. ‘अरे बड्डे, हम घर में घुसेंगे कैसे?’ तर तो मुकादम म्हणते, ‘पुलिया बनेगी न दादा. पुलिया अलग काम है. परिषद में पास होगी, फिर बनेगी.’ पुलिया म्हणजे नालीवरचा लहानसा पूल. चलो, ठीक आहे. मी फिटर माणूस, मी काय हातावर हात ठेवून बसतो? दुसऱ्याच दिवशी एक मोठी दगडी फर्शी आणली, आडवी टाकली, झालं काम. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला आणि फर्शी घेऊन गेला! वरून नोटीस! ‘शासकीय नाली पर निजी फर्शी रखकर अतिक्रमण.’ घर माझं, दार माझं, त्यातून बाहेर निघणं म्हणजे अतिक्रमण!

मग आम्ही कसं येऊन-जाऊन राहिलो? गोठ्यातून. आमच्या वार्डाचा पार्षद नथ्थू भैया आमच्या शेजारीच राहतो, त्याच्या चार म्हशी, गोठा आमच्या अंगणाला लागून आणि गोठ्याचं दार मागच्या गल्लीत. मी, विभावरी, दूधवाला, पोस्टमन, सगळे म्हशींच्या मधून! विभावरी शालू आणायला गेली ती गोठ्यातून, आणि शालू घेऊन आली तीही गोठ्यातून. त्या दिवशी अंजनी मला म्हणाली, ‘बाबा, मी काही मागत नाही तुम्हाला. फक्त मला गोठ्यातून सासरी पाठवू नका.’ पोरगी हसून बोलली, पण मी त्याच रात्री कागद-पेन घेऊन बसलो.

तर मी अर्ज दिला. अर्ज घेतला परिषदेच्या बड्या बाबूनं, म्हणजे हेडक्लार्कनं, श्यामसुंदर त्याचं नाव. हा श्यामसुंदर बाबू म्हणजे देवमाणूस, पण त्याची एक खोड आहे. नोकरीच्या पहिल्या दिवशी कोणत्या तरी साहेबानं त्याला सांगितलं, ‘जो हुआ, सो लिखो.’ तेव्हापासून तो जे झालं ते सगळं लिहिते! बैठकीत कोणी शिंकलं तरी रजिस्टरमध्ये येईल. मला म्हणे, ‘पुंडलिक जी, चिंता मत करो, आपकी पुलिया अजेंडे में चढ़ा दी. विषय क्रमांक सात.’ मी तर खूश! फेब्रुवारीची बैठक, सात नंबर, लग्नाला अजून तीन महिने.

आता अजेंड्यात एक नंबर नेहमीचाच असते, ‘गत बैठक की कार्यवाही की पुष्टि.’ म्हणजे मागच्या वेळी काय झालं ते वाचायचं, सगळ्यांनी हो म्हणायचं आणि सामोर सरकायचं. दोन मिनिटांचं काम. ते झाल्याबिगर दोन नंबर घेता येत नाही. श्यामसुंदर बाबू उभा राहिला, नाकातून वाचून राहिला... ‘तत्पश्चात सभी सदस्यों ने चाय एवं समोसा ग्रहण किया.’

वार्ड तीनचे चंद्रशेखरजी उठले! हे चंद्रशेखरजी गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर गंध, वार्डात कीर्तन करतात. ‘आपत्ति है! उस दिन एकादशी थी! मैंने समोसा नहीं खाया! यह लिखा रह गया तो मैं वार्ड में क्या मुँह दिखाऊँगा?’ अध्यक्ष दीदी म्हणे, ‘अच्छा, काट दो भैया.’ श्यामसुंदर बाबू म्हणे, ‘दीदी, कार्यवाही में काटा नहीं जाता. संशोधन होता है. चर्चा के बाद.’ संशोधन म्हणजे दुरुस्ती. झाली चर्चा! कोणी पाहिलं का? बशी सामोर होती का? होती तर रिकामी कशी झाली? दीड वाजला, दीदीच्या लंचची वेळ झाली, बैठक स्थगित. आणि सात नंबर? सात नंबर आपल्या जागी!

मी म्हटलं, असो, मार्चमध्ये होईल. मार्चमध्ये श्यामसुंदर बाबू उठला, वाचलं, ‘चर्चा उपरांत स्पष्ट हुआ कि श्री चंद्रशेखर ने समोसा ग्रहण नहीं किया.’ चंद्रशेखरजींनी हात जोडले, चेहऱ्यावर असं समाधान! मी बाकावरून अर्धा उठलो. तर उठलं कोण? आमचाच नथ्थू भैया! माझा पार्षद! ज्याच्या म्हशी रोज माझा शर्ट चाटतात! म्हणते, ‘एक मिनट. इसका मतलब यह हुआ कि बाकी हम सबने एकादशी को खाया? और मैंने तो आधा ही खाया था!’

आता अर्धा खाल्ला तर त्याला ग्रहण केला म्हणायचं का नाही? विचारा तुम्हीच स्वतःला! पंधरा शहाणी माणसं, दीड तास! मी नथ्थू भैयाला बाकावरून खुणा करून राहिलो, अबे बस, बस! तो मला वापस हात हलवून दाखवून राहिला, जणू मी त्याला शाबासकी देऊन राहिलो. शेवटी दीदीनं तोड काढली, की यापुढं समोसा बंद, आजपासून खोव्याची जलेबी. आपल्या जबलपूरची खोवा जलेबी, उपासाला चालते, कोणाची हरकत नाही. जलेबी आली, सगळ्यांनी खाल्ली, चंद्रशेखरजींनी तर मागून घेतली. मलाही एक मिळाली. गोड होती. आणि सात नंबर? सात नंबर आपल्या जागी!

एप्रिल! लग्नाला वीस दिवस. पत्रिका वाटून झाल्या, मांडववाला येऊन नाली पाहून गेला आणि म्हणाला, ‘दादा, नाव बुला लो, नाव!’ व्याह्यांचा फोन, ‘पुंडलिकराव, घोडा पुलगावहून आणू की तिकडंच मिळेल?’ काय सांगू त्यांना? घोडा सोडा, उडी मारणारा नवरदेव आणा म्हणू? मी म्हटलं, ‘इथं मिळेल न, सगळं मिळेल,’ फोन ठेवला आणि घाम पुसला. विभावरी म्हणे, ‘आता तरी कांचघरचा हॉल पाहा.’ मी तिच्यावर ओरडलो. तुम्हाला खरं सांगतो, चाळीस वर्षांत मी तिच्यावर असा ओरडलो नव्हतो.

एप्रिलच्या बैठकीत श्यामसुंदर बाबूनं वाचलं, ‘सभी सदस्यों ने खोवा जलेबी ग्रहण की.’ आणि नथ्थू भैया उठून म्हणते, ‘जलेबी में तिखुर था कि मैदा? मैदा हुआ तो उपवास की नहीं हुई!’ तिखुर म्हणजे आपलं तवकीर, ते उपासाला चालते. चंद्रशेखरजी लालबुंद! ‘आप मेरा धर्म भ्रष्ट करने पर तुले हैं!’ निघाले बाहेर! दोघं त्यांना मनवायला गेले, तिघं त्या दोघांना बोलवायला गेले... वापस आले तर जलेबीवाल्याकडं जाऊन विचारायला तीन सदस्यांची समिती नेमली. समिती! तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी सरळ उभा झालो, बैठकीत बोलायचा मला हक्क नाही, पण बोललो. ‘अरे, ग्यारह तारीख को मेरी बेटी की शादी है! आपकी नाली है, मेरा दरवाज़ा है, बीच में मेरी बेटी खड़ी है!’ दीदीनं चष्मा काढला, फार आपुलकीनं विचारलं, ‘भैया, आपका विषय कौन सा है?’ मी म्हटलं, ‘सात.’ म्हणे, ‘अच्छा... अभी तो एक चल रहा है.’

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. हॉलचं बोलून टाकावं, झालं, एवढंच मनात. तेवढ्यात श्यामसुंदर बाबू मागून आला. बाजूला बसला. म्हणे, ‘पुंडलिक जी, एक बात बताओ. आपकी फर्शी निजी थी, इसलिए अतिक्रमण हुआ. अगर परिषद की चीज़ परिषद की नाली पर रखी जाए... तो अतिक्रमण कैसे?’ आणि त्यानं असं भिंतीकडं पाहिलं. भिंतीला टेकून उभा होता परिषदेचा सूचना पटल! नोटीस लावायचा बोर्ड! रंगकामासाठी खाली उतरवलेला. लोखंडी जाड पत्रा, मागं अँगलची चौकट, आठ फूट लांब, सहा फूट रुंद! माझ्यातला फिटर जागा झाला. मी चौकट ठोकून पाहिली. वेल्डिंग पक्कं होतं.

अकरा मेच्या सकाळी चौघांनी उचलून आणला, टाकला नालीवर, हलेना की डुलेना. चौकट खाली, तोंड वर. वर मोठ्ठ्या पांढऱ्या अक्षरात, ‘समस्त नागरिकों को सूचित किया जाता है’! विभावरीनं त्यावर रांगोळी काढली.

वरात आली. बँड, फटाके, नवरदेव घोड्यावर. घोड्यानं एक पाय ठेवला, पत्रा वाजला धडाम! घोडा गेला मागं, बँडवाल्यांच्या अंगावर! मुरलीधरराव म्हणे, ‘हे काय आहे, पुंडलिकराव?’ पण आमचे गुरुजी हुशार. आता सगळं एका दिवसातच उरकतात न, सीमांत पूजनही तेव्हाच व्हायचं होतं. गुरुजी म्हणाले, ‘नवरदेव, उतरा खाली. सीमांत पूजन सीमेवरच होते, आणि याहून पक्की सीमा मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिली नाही!’ व्याही असे हसले, असे हसले! पत्र्यावरच पाट मांडला, जावयाचे पाय धुतले. पाणी सरळ नालीत.

संध्याकाळी अंजनी निघाली. सागवानी दारातून. पत्र्यावर मधोमध थांबली, मागं वळून दाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, म्हणाली, ‘बाबा, दारातूनच गेले हं मी.’ मी रडलो. छत्तीस वर्षं मशीनवर काम केलेला माणूस, ढसाढसा रडलो, लपवायचं काय त्यात!

आता तुम्ही म्हणाल, झालं, आटोपलं. कुठलं! जूनची बैठक. एक नंबर सुरू व्हायच्या आतच चंद्रशेखरजी उठले. ‘सूचना पटल कहाँ है? बैठक की सूचना पटल पर लगी ही नहीं, तो बैठक अवैध है!’ मी बाकावर बसल्या बसल्या गार! आता श्यामसुंदर बाबूची नोकरी जाते, माझ्यापायी! आणि तो माणूस काय करते? रजिस्टर उघडते आणि नाकातून वाचते, ‘दिनांक ग्यारह मई, सूचना पटल वार्ड नौ की नाली पर, कन्या के विवाह हेतु, मेरे द्वारा रखवाया गया.’ लिहून ठेवलं होतं! जे झालं ते!

चंद्रशेखरजींनी माळ कुरवाळली. त्यांनाही दोन पोरी आहेत, हे मला मागून कळलं. हळूच विचारलं, ‘पटल सीधा रखा है कि उलटा?’ ‘सीधा.’ ‘मतलब... पढ़ा जा सकता है?’ ‘जा सकता है.’ ‘तो सूचना वहीं चिपका दिया करो. पटल जहाँ, सूचना वहाँ.’ आणि सर्वसम्मतीनं पास! पंधराच्या पंधरा हात वर! पाच महिन्यांत पास झालेली पहिली गोष्ट! आणि सात नंबर? दीदी म्हणे, ‘अब पुलिया की क्या जल्दी है? काम तो चल रहा है!’

तर आता असं आहे, की परिषदेचा चपराशी दर महिन्याला माझ्या दारात येते, नालीवरच्या पत्र्याच्या कडेला अजेंड्यासकट बैठकीची नोटीस चिकटवते, त्यावर काच ठेवते, काचेवर चार विटा ठेवते. आणि नोटीस वाचायला सगळे पार्षद माझ्या दारात! मागच्या महिन्यात अंजनी पहिल्यांदा माहेरी आली, तर तीन पार्षद वाकून उभे, तिला वाटलं तिलाच नमस्कार करून राहिले! दारात आलेल्याला विभावरी काय तसंच जाऊ देते का? चहा देते, सोबत गरम गरम समोसे. परवा चंद्रशेखरजी आले. एकादशी होती. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि दोन उचलले. खाता खाता मला म्हणतात, ‘पुंडलिक जी, श्यामसुंदर को मत बताना हाँ... वो लिख देगा.’

नाही सांगत, बाप्पा! मी काहून सांगू? लिहिलं की चर्चा आली... आणि खाली काचेतून दिसूनच राहिला होता, सात नंबर, वार्ड नऊची पुलिया.