नात्याचा रकाना

दाकुयान सर, ती दुपार आठवते का हो तुम्हाला? पंधरा वर्षं झाली. चॅपेलच्या पडवीत आम्ही पंधराजणी चटईसाठी लव्हाळी ठोकून चपटी करत बसलो होतो आणि तुम्ही बूट हातात धरून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलातून आलात. "सहकारी संस्था काढणाऱ्या बायका त्या तुम्हीच का?" असं विचारलंत. आमची फेली माना, सगळ्यांची ताई, डोकं वर न करता म्हणाली, "आधी पाय धुवा, मग कायदा सांगा."

पण थांबा. सिस्टरांच्या शाळेत शिकले आणि रीत विसरले असं नको व्हायला. सभेच्या अध्यक्षस्थानी असलेले आमचे गावप्रमुख, व्यासपीठावरचे आदरणीय फादर, आजचे सत्कारमूर्ती श्री. क्रिसांतो दाकुयान, त्यांच्या सौभाग्यवती, चटई विणकर संस्थेच्या सर्व सभासद भगिनी आणि केळीच्या पानातल्या गोड भाताचा, सुमानचा, वास येतोय म्हणून आधीच उठून दाराशी उभे राहिलेले त्यांचे नवरे! मी पेर्पेतुआ लाब्रागे, संस्थेची खजिनदार, तुम्हा सर्वांना नमस्कार करते.

सर या आठवड्यात सहकार खात्यातून निवृत्त होताहेत. मला त्यांना निरोप द्यायला सांगितलंय. पण जाण्याआधी त्यांच्याकडून एक काम करून घ्यायचंय माझं. कसलं काम ते सांगते.

त्या दुपारी सरांनी आम्हाला कायदा शिकवला. नोंदणीआधी प्रत्येकीनं तो ऐकायलाच हवा असा नियम आहे ना! किमान पंधरा माणसं हवीत, सगळी सज्ञान, सगळी या देशाची नागरिक, आणि त्यांना बांधणारा एक समान धागा हवा. "आमचा धागा म्हणजे लव्हाळं," फेली माना म्हणाली, आणि सरांनी ते खरोखर लिहून घेतलं. मग त्यांनी सांगितलं, भाग कितीही घ्या, मत एकच. आमच्या चटया पडत्या भावानं उचलणाऱ्या व्यापाऱ्याची बायको तिथे आली होती. तिनं विचारलं, "आणि मी अर्धं भांडवल घातलं तर?" सर म्हणाले, "बाई, दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त तुम्हाला घेता येणार नाही. आणि तेवढं घेतलंत तरी मत एकच, या आजींइतकंच." ती बाई छत्री उघडून निघून गेली. आम्ही कितीतरी वेळ हसत होतो! आमच्या मताला कुणाच्या मताइतकी किंमत असते हे त्याआधी आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

'या आजी' म्हणजे नानाय तिकिंग. आज पहिल्या रांगेत, निळ्या झग्यात बसल्या आहेत. वय पंच्याऐंशी. सगळ्या गावाची त्या आई, म्हणून नानाय. मी सहा वर्षांची असताना माझे आईवडील एकाच होडीत बुडून गेले. शेजारच्या नानायनं माझं अंथरूण उचललं आणि स्वतःच्या घरात नेऊन पसरलं. माझ्या शाळेची फी तिनं चटया विणून भरली. दत्तकाचा कागद कधी झाला नाही. कुणाला सुचलाच नाही.

तर सगळ्यांनी मिळून नानायला अध्यक्ष केलं आणि मला खजिनदार, कारण हिशेब मलाच येत होता. मग सरांनी एक अर्ज वाटला. अध्यक्ष, संचालक, खजिनदार यांचं एकमेकांशी जवळचं नातं असू नये, म्हणून प्रत्येकीनं आपली नाती लिहायची होती. आणि आम्ही काय केलं? प्रामाणिकपणे लिहिलं! ही माझ्या लेकाची धर्ममाता, म्हणून कुमारे. ती माझ्या बहिणीच्या लग्नाची साक्षीदार, म्हणजे घरचीच. सरांनी अर्ज वाचले आणि डोक्याला हात लावला. "या कागदांप्रमाणे तुम्ही पंधराजणी एकाच आईच्या पोटी जन्मलात!"

त्यांनी समजावलं. नातं रक्ताचं, लग्नाचं, फार तर रीतसर दत्तकाचं, आणि तेही तिसऱ्या पायरीपर्यंतच. आई, बहीण, मावशी चालत नाही, चुलतबहीण चालते. मग काय, नवे अर्ज! आता सांगा, आमच्या गावात कुणाच्या तोंडावर 'तू माझी कुणी नाहीस' असं म्हणता येतं का? एकेक बाई दुसरीचा हात धरून माफी मागत होती. "कुमारे, राग मानू नकोस हं, फक्त कायद्यापुरती तू माझी कुणी नाहीस." "बरं बरं, पण उद्या तांदूळ उसने मागायला येऊ नकोस!"

सगळ्यांचे अर्ज झाले. नानायचा मात्र बदलला नाही. माझ्या नावापुढे तिनं मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मुलगी'.

सर हळूच म्हणाले, "नानाय, कायद्याला हे नातं दिसत नाही. 'नाही' लिहा. दोघीही पदावर राहाल."

"दिसत नसेल तर कायद्याला चष्मा लावा."

"अहो, कागदाच्या दृष्टीनं ते खोटं होणार नाही."

"मग तुमचा कागदच खोटा."

सरांनी माझा अर्ज उचलला. मी तो आधीच भरला होता. नोंदणी अडू नये एवढंच डोक्यात होतं. सुवाच्य अक्षरात, सिस्टरांनी गिरवून घेतलेल्या वळणात, नानायच्या नावापुढे मी लिहिलं होतं, 'नाही'.

दोन कागद शेजारी शेजारी. नानाय माझ्याकडे पाहत नव्हती. ती म्हणाली, "पेताला खजिनदार राहू द्या. मी खुर्ची सोडते." आणि पुन्हा लव्हाळी ठोकायला बसली.

त्या रात्री जेवताना माशाचं डोकं तिनं नेहमीसारखं माझ्याच ताटात वाढलं.

संस्था नोंदली गेली. पंधराच्या आज दोनशे बारा झाल्या. इथे कुणीही यावं, कुठल्याही पक्षाचं, कुठल्याही चर्चचं. कायदाच तसं म्हणतो. नानाय इतकी वर्षं साधी सभासद आहे. एका मताची. त्या मतानं तिनं दोनदा माझ्याविरुद्ध हात वर केलाय, आणि दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं! पण त्या अर्जाबद्दल तिनं कधी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. बोलले असते तर नोंदणीला काही झालं नसतं. ती पदावर नव्हती. मला लाज वाटत होती, एवढंच.

सर, तुमचा कायदा बरोबरच होता. पण त्या रकान्यात 'कायद्याने नाही' एवढं लिहायला पुरेशी जागा होती. मी दुसरा शब्द तेवढा लिहिला.

तुम्ही शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अधिकारी आहात ना? मग हा माझा दुरुस्तीचा अर्ज. पेर्पेतुआ लाब्रागे, नानाय तिकिंगशी नातं: मुलगी. तुमच्या साहेबांना तो निरर्थक वाटेल, वाटू द्या. आमच्या फाइलीत, तिच्या अर्जाशेजारी तो तुमच्या हातानं लागावा. दुसऱ्या कुणाला ही हकीकत पहिल्यापासून सांगायची माझ्यात हिंमत नाही.

सर मान हलवताहेत! पाहिलंत ना सगळ्यांनी? दोनशे साक्षीदार आहेत!

आता पुरे करते. सर, चिखल तुडवत आलात, आम्हाला आमचं मत दिलंत, त्याचे आभार कुठल्या शब्दांत मानू? फादर, अध्यक्षमहाराज, आपण वेळ दिलात, ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. जे पंधरा वर्षांपूर्वी लिहिण्यात झालं, त्याची माफी मी सभेकडे मागत नाही. ती एकाच व्यक्तीकडे मागायची आहे.

मुलींनो, आता नीट ऐका, गोंधळ नको. जांभळ्या काठाची मोठी चटई सरांच्या सौभाग्यवतींना. लहान दोन फादरना, चर्चसाठी. सुमान आधी मागच्या रांगांना, नवऱ्यांना सगळ्यात शेवटी. हा अर्ज सरांच्या हातात. आणि त्याची ही दुसरी प्रत पहिल्या रांगेत, निळ्या झग्यात बसलेल्या माझ्या आईला.