दादाच्या श्वासनळीतली खुर्ची

हॅलो?… हो, मीच. ताई, दादा प्लास्टिकच्या खुर्च्या विकणार नाही. सोफ्याचं दुकान चालू राहणार…

नाही, मी कुठे काय म्हणालो? लाइन खराब असेल. तू कशी आहेस? भाऊजी बरे आहेत ना? तिकडे हवा काय म्हणते?… अगं, ही बातमी दादा तुला स्वतः सांगणार आहे, संध्याकाळी, दुकान बंद केल्यावर. माझ्याकडून वचन घेतलंय त्याने. म्हणजे तूर्तास ती घडलेलीच नाही…

हो, हो… अगं ऐक ना. बरं, सांगतो. पण तू ऐकू नकोस.

दादाचा दमा तुला माहीतच आहे. जुना सोफा उसवला की आतली धूळ थेट त्याच्या छातीत. मध्यंतरी गिऱ्हाइकाला कापड दाखवता दाखवता त्याला अशी धाप लागली, की गिऱ्हाईक स्वतःच सोफ्यावरून उठलं आणि त्याला तिथे झोपवून घरी गेलं… हो, त्यांचाच सोफा. मग डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, आणखी एक गोळी देऊन बघू, तिनेही भागलं नाही तर धंदा बदला.

काकांना हे कुठून कळलं देव जाणे. त्यांनी लगेच मोठ्या मनाने आपल्या दुकानात जागा देऊ केली. प्लास्टिकच्या खुर्च्या, एकात एक घालून छतापर्यंत रचलेल्या. दादा एक दिवस जाऊन आला आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून बसला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "त्यांच्या आत काहीच नाही रे."

…हो ना.

गोळी काय करते?… सांगतो ना, दम धर. म्हणजे तू धर, तुला जमतं. आपल्या श्वासनळीत म्हणे पहारेकरी पेशी असतात. धुळीतल्या किड्यांचा कण आत शिरला, की एखाद्याच्या पेशी उगाचच हबकतात आणि रसायनं सोडतात. ती स्नायूंपाशी गेली की नळी आवळते, आतून सुजते आणि छातीत शिट्टी वाजते. हे सगळं ऐकताना दादा इतक्या आदराने मान हलवत होता, की डॉक्टरीणबाईंना कळलं, याला काडीचं समजलेलं नाही. मग त्या म्हणाल्या, त्या रसायनाला बसायला ठरलेली खुर्ची लागते. बसलं तरच ते त्रास देतं. ही गोळी आधीच जाऊन खुर्ची अडवून ठेवते.

ताई, दादा ताठ झाला. खुर्चीचा विषय निघाला ना. त्याने विचारलं, गोळी मध्येच उठली तर? त्या म्हणाल्या, उठतेच, म्हणून रोज घ्यायची. मग त्याने विचारलं, रसायनाने स्वतःचं स्टूल आणलं तर?… हसू नकोस, बाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, अगदी बरोबर, दुसरीही रसायनं असतात आणि त्यांच्या खुर्च्या वेगळ्या. म्हणून पंप आणि आधीची औषधं सोडायची नाहीत. दादा घरी येईपर्यंत जवळजवळ डॉक्टर झाला होता.

…आई? आईने तर कहर केला. बाईंनी दुकानातली धूळ तपासायला मागवली, दादाला नेमकं कशाचं वावडं आहे ते बघायला, आणि मग तेच हुंगवून गोळी चालते का ते तपासायला. आईने ती आधी पिठाच्या चाळणीने चाळली. मग निवडली. मग उन्हात ठेवली… शपथ. लॅबमधून निरोप आला, हिच्यात किडे फारसे नाहीत, गव्हाचं पीठ मात्र बरंच आहे, पेशंट बेकरीत कामाला आहे का? आता पीठच हुंगवून चाचणी झाली असती तर दादा ठणठणीत ठरला असता, आणि गोळीने काही होतं का, ते कधीच कळलं नसतं. बाईंनी आईला बोलावून घेतलं. आई म्हणाली, "परक्या माणसांकडे आपली धूळ जशीच्या तशी कशी पाठवायची?"

…अगं मग दुसरी पाठवली. मी भरली, आई देवळात… नाही, बाजारात गेली होती तेव्हा. त्यात किडेच किडे निघाले. दादाला इतका आनंद झाला, जणू त्याचीच पोरं पास झाली.

मग चाचणी. एकदा खरी गोळी, एकदा तशीच दिसणारी खोटी, कुठली कधी ते कोणालाच सांगायचं नाही. मशीनमध्ये फुंकायचं, किड्यांच्या अर्काची वाफ थोडी थोडी ओढायची, पुन्हा फुंकायचं. शेजारी डॉक्टर, ऑक्सिजन, सगळा जामानिमा. पहिल्या खेपेला त्याची छाती कुकरसारखी वाजायला लागली. लगेच पंप दिला, पण दादाचं तोंड एवढंसं झालं. बसमध्ये मला म्हणाला, "काकांना उद्या फोन करू या."

…हो. मी लगेच नंबर शोधायला लागलो. ते बघून तो जास्तच घाबरला.

दुसऱ्या खेपेला त्याने वाफ ओढली आणि डोळे मिटून बसला. फुंकलं, आकडा जरासा उतरला आणि तिथेच थांबला. दादा तसाच बसलेला. शेवटी नर्स म्हणाली, घरी जा. दादा म्हणतो, "अहो, पण सुरू कधी करणार?"

आज बाईंनी सांगितलं, तीच खरी गोळी. सगळ्यांनाच एवढी लागू पडत नाही, याला पडली. तोंडाला मास्क लावायचा, सोफा उघड्यावर उसवायचा, पंप खिशात, मग काम करायला हरकत नाही. ते ऐकून दादा…

थांब. तू भाऊजींना सांगितलंस? मागून टाळ्या कोण वाजवतंय?… ताई.

बरं, ठेवतो. तो बाहेर फुटपाथवर मास्क लावून एक कोच उसवतोय आणि मला पाटी रंगवायला बसवलंय. मजकूर त्याचाच आहे, मी फक्त शुद्धलेखन बघितलं. वाचतो आणि ठेवतो:

'या दुकानात दुरुस्तीसाठी येणाऱ्या सर्व सोफ्यांतील धूळकिड्यांस कळविण्यात येते की, मालकांची प्रकृती लक्षात घेता त्यांनी सोफा उसवण्यापूर्वी आपापल्या कुटुंबासह स्वेच्छेने बाहेर पडावे, व जाताना गादी जशी होती तशी ठेवावी. कळावे, हुकमावरून.'