थेंबभर तूप

दिल्लीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर मराठी ऐकू आलं. एक म्हातारं जोडपं डॉक्टरांना भेटून औषधाच्या खिडकीपाशी नंबराची वाट बघत होतं.

"गिरिजा, रडू नकोस. माझ्या डोळ्यांचा पडदा वयाने खराब झालाय, असं सांगितलं ना डॉक्टरांनी?"

"पुढचंही सांगितलं. गाजर-पालकातलं जे डोळ्यांना हवं असतं, ते तेलातुपाशिवाय नीट अंगी लागत नाही म्हणाले."

"ते जाता जाता म्हणाले."

"तुमच्या बायपासनंतर तीन वर्षं मी थेंबभर तूप घातलं नाही हो. रोज गाजर किसलं, पालक उकडला आणि तसाच वाढला. सगळं फुकट गेलं."

"काही फुकट गेलेलं नाही. एक सांगू? चिडायचं नाही."

"काय?"

"सकाळी दूध आणायला जातो ना, तेव्हा मार्केटातल्या त्या कोपऱ्यावरच्या हलवायाकडे एक समोसा खातो. चांगला तेलकट. घरी आलो की लगेच तुझं गाजर. म्हणजे लागलंच की अंगी."

"रोज खाता?"

"बिल्कुल रोज. आज सकाळीसुद्धा खाल्ला."

"अहो, तो हलवाई दुकान विकून गाझियाबादला गेला, त्याला दोन वर्षं झाली. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. एवढा मोठा बोर्ड लावलाय."

"अच्छा?"

"हो."

"चलो, आपला नंबर पुकारतायत. हात दे."