आपापल्या आवडीचं मागवा

हॅलो? … हो, मीच. घरात दुसरं कोण असणार?

ताई, तू काही बोलायच्या आधी एक ऐकून घे. माणूस आणि जनावर यांच्यात फरक एकच आहे. माणसाला निवड करता येते. हे की ते, असा प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर देता येतं. संस्कृती म्हणतात ती तिथून सुरू झाली. …

नाही, प्यायले नाहीये. …

जेवले ना. कालचा भात. … कारण दुसरं काही नव्हतं. … त्याचा इथे काय संबंध?

बोल आता. … नाही, तूच बोल. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. भर दुपारी तू माझी तब्येत विचारायला फोन करत नाहीस. … हं. … हं. … दाजींनी सांगितलं म्हणून केलास, की आपणहून? … आपणहून. बरं.

काल दुपारपासून काही खाल्लं नाही त्यांनी? … पाणीसुद्धा घोट-घोट? … नाही गं, वाईट वाटलं. मनापासून वाटलं. …

माफी? कुणी? … मी? … कशाबद्दल?

थांब. थांब, थांब. ताई, मला त्या केंद्रात नेमलंय कशासाठी? परदेशातून या तालुक्यात सुना होऊन आलेल्या बायकांना आपली कोरियन भाषा शिकवायला. बरोबर? … हो, दाजींच्या शब्दावर नेमलंय. ते संचालक आहेत, मी मेव्हणी आहे, आहे माझ्या लक्षात. तू दर चुसोकच्या सणाला आठवण करून देतेस, विसरेन कशी? … तर भाषा शिकवायला नेमलं आणि मी भाषा शिकवली. आता शिकल्या म्हणून माफी मागू?

तुला काय सांगितलं त्यांनी? … 'ओक्रानच्या बायकांनी पाहुण्यांसमोर लाज काढली.' म्हणजे माझ्या वर्गातल्या बायकांनी. एवढंच? … मग आता माझ्याकडून ऐक. … अगं ऐक ना. दोन मिनिटं.

काल सत्र संपलं. सत्र संपलं की जेवण, त्या चिनी हॉटेलात. … त्याच. गावात दुसरं आहे का? दाजी मधोमध बसले. शेजारी जिल्हा कचेरीतले प्यो साहेब. … हो, अनुदान त्यांच्या सहीनं येतं, ठाऊक आहे. दाजींनी मेनूकार्ड उघडलं, मिटलं आणि म्हणाले, "मला ज्जाजांगम्योन. बाकीच्यांनी आपापल्या आवडीचं मागवा. अजिबात संकोच करू नका." … हो, त्या काळ्या शेवयाच. हेच म्हणाले ना? विचार त्यांना. … बरं, नको विचारू.

आणि मग माझ्या नऊ बायकांनी आपापल्या आवडीचं मागवलं.

झालं. एवढाच गुन्हा.

… अगं, मला कळतं त्याचा अर्थ काय असतो ते. मी याच देशात जन्मले. साहेबानं काळ्या शेवया मागवल्या आणि 'हवं ते घ्या' म्हटलं, की अख्ख्या टेबलाला एकाएकी काळ्या शेवयांचीच भूक लागते. मी स्वतः अशा बादलीभर शेवया खाल्ल्यात. पण त्या बायकांना हे कसं कळणार? … नाही, नाही शिकवलं. पुस्तकात नाही ते. पुस्तकात 'किंवा' आहे.

तेच तर सांगतेय. महिनाभर मी 'किंवा' घोकून घेतला आणि काल सकाळीच उजळणी झाली होती. आपल्या भाषेत 'किंवा'चे प्रकार किती, तू कधी बघितलेस? दोन वस्तू असल्या तर 'ना' लावायचा. दोन कामं असली तर 'गना'. एक वाक्य संपवून 'नाही तर असं करू या का' म्हणायचं असलं तर 'अनिम्योन'. आणि 'हे असो की ते असो, माझी हरकत नाही' याला 'दन्जी'. … हो, एवढे. शिकणाऱ्याच्या तोंडाला फेस येतो. बरं, हे सगळं शिकून निवडायची वेळ आली की आपण काय म्हणतो? 'तुम्ही घ्याल तेच.' कपाटभर छत्र्या ठेवायच्या आणि भिजत घरी यायचं, अशातली गत आहे.

… नाही, भाषण देत नाहीये. … बरं, देतेय. पण संपत आलं.

तर थुई पहिली बोलली. … व्हिएतनामची गं, बुटकी, गॅरेजवाल्याची बायको. तीन सत्रं तोंडातून शब्द फुटला नव्हता तिच्या. काल मान वर करून म्हणाली, "मला लाल तिखट शेवया द्या, अनिम्योन, तो दोन कप्प्यांचा वाडगा आहे का?" … तोच, अर्ध्यात काळ्या, अर्ध्यात लाल. आपल्याला निवडता येईना म्हणून आपण वाडग्याला भिंत घातली, तो. … ताई, एक चूक नाही वाक्यात. माझे डोळे भरून आले.

मग कंबोडियाच्या स्रेमोमनं तळलेलं डुक्कर मागवलं आणि वर विचारलं, गोड-आंबट रस वरून ओतून आणता की बुडवायला वेगळा देता? … वेगळा. … हो ना? वेगळाच चांगला. ओतला की कुरकुरीतपणा जातो. … बघ, तुलाही मत आहे.

हॉटेलचा मालक आतून बाहेर आला, हातात झारा तसाच. त्याला वाटलं भांडण झालं. इतकी वर्षं आमच्या टेबलावरून त्याला एकच आवाज ऐकू यायचा, 'सगळ्यांना ज्जाजांग.'

… खाल्लं असतं तर मेल्या असत्या का? नाही. कुणी मेलं नसतं. पण एक सांग, नासिबा माहीत आहे तुला? … उझबेकिस्तानची, हिरवा रुमाल बांधते, तुला त्या दिवशी कोबी उचलायला मदत केली तीच. … ती डुक्कर खात नाही. … धर्मात नाही त्यांच्या. … आणि काळ्या शेवयांच्या सॉसमध्ये काय असतं? … बाजूला कसं सारणार, ताई? बारीक चिरून परतलेलं असतं.

तीन वर्षं ती दर सत्राच्या जेवणाला आमच्याबरोबर बसते आणि पिवळा मुळा खाते. तो लोणच्याचा, फुकट येतो तो. मुळा आणि कच्चा कांदा. दाजी दर वेळी म्हणतात, "नासिबाबाईंना मुळा फार आवडतो, आणखी आणा." … मला माहीत होतं. मी मूग गिळून बसायचे. काल तिनं अंड्याचा भात मागवला, डुक्कर न घालता. पूर्ण वाक्यात. आणि जेवली. पोटभर जेवली, ताई. आता याची मी माफी मागू?

… नाही, विषय भरकटवत नाहीये. विषय हाच आहे.

शिवाय दाजींना जे झोंबलंय ते बायकांचं नाहीच. झोंबलंय प्यो साहेबांचं. … त्यांनी सांगितलं नाही ना? वाटलंच. प्यो साहेबांनी सगळ्यांचं ऐकलं, मेनूकार्ड हातात घेतलं, पुढून वाचलं, मागून वाचलं आणि हळूच म्हणाले, "मग… मला कोळंबीचा भात मिळेल का?" अगं लाजले. साठीचा माणूस, नव्या नवरीसारखा लाजला.

मग राहिले कोण? ज्जाजांगवाले एकटे दाजी.

… हो, मी तिथेच होते. काळ्या शेवया लगेच होतात, सॉस तयार असतो. बाकीचं एकेक करून शिजायला हवं. दाजींचा वाडगा आधी आला. पाहुण्याच्या पुढ्यात काही नाही, तर यजमानानं काड्या कशा उचलायच्या? बसले. आम्ही पण बसलो. सगळे त्या वाडग्याकडे बघतोय. शेवया फुगायला लागल्या. कोळंबीचा भात आला तोवर गोळा झाला होता. दाजींनी काड्या घातल्या, तर शेवयांबरोबर वाडगाही वर आला. …

नाही, हसले नाही. … नंतर हसले. घरी येऊन, दार लावून.

… आणखी काय तक्रार आहे? … सासवांचे फोन? केंद्रात? … कुणाची सासू? … स्रेमोमची. काय म्हणते? … सून विचारते, "आई, भात करू की शेवया?" बरं, मग? … आणि "एकच सांगा" म्हणते. मग सांगावं की एक. … सासूला दोन्ही हवं होतं आणि ते सुनेनं न विचारता ओळखायला हवं होतं. अस्सं. दाजींना म्हणावं मन ओळखायचा वर्ग शेजारच्या खोलीत भरवा. माझ्या खोलीत भाषा शिकवतात.

ताई, एक विचारू? खरं सांगशील? दाजींना ज्जाजांगम्योन आवडतं का? …

तू घरी कधी केलंस? … एकदाही नाही. … का? … पित्त होतं त्यांना. … मग मागवतात कशाला? … आधीचे संचालक मागवायचे. … ते वारले ना? … मग? … अगं, मग आता कुणासाठी खातायत?

… बरं, राहू दे. हसत नाहीये. खोकला होता.

हं. … हं. … काय? पुन्हा बोल. … एक तर रविवारी घरी येऊन माफी मागायची आणि सोमवारी वर्गात सांगायचं, की मोठा माणूस मागवेल तेच मागवायचं असतं. नाही तर महिनाअखेरीला कंत्राट संपतंय, ते पुढे चालू होणार नाही. … एक तर हे, नाही तर ते.

वाक्य बरोबर आहे. धड्यात घालण्यासारखं आहे.

मग ऐक. मी निवडलं. दुसरं. … हो, विचार केला. आत्ता केला. … खाईन काय? शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेईन. अनिम्योन बाजारात मासे विकीन. … वास येईल, येऊ दे. … शोभेल की नाही ते मासे ठरवतील. तू मोठी आहेस, तुझं ऐकत आले. लग्न मोडलं तेव्हा ऐकलं, आईचं घर विकलं तेव्हा ऐकलं. तेव्हाही तू 'तुला काय वाटतं' असंच विचारलं होतंस आणि मला काय वाटायला हवं ते मला कळलं होतं. आज मात्र कळून घेत नाहीये. त्या बाईच्या तोंडात मी पुन्हा मुळा कोंबणार नाही. दाजींना सांग. याच शब्दांत सांग. … नाही, नरम करून नको. …

मागे कोण बोललं? …

ताई, मागे कोण खाकरलं? … दाजी आहेत तिथे? … किती वेळ? … पहिल्यापासून? म्हणजे फोन स्पीकरवर आहे? …

नमस्कार, दाजी. … हो. … नाही, काही नाही, असंच चाललं होतं आमचं. … वाडग्याचं ऐकलंत का? … ऐकलंत. बरं.

… हो, ते सगळं मी बोलले. मागे घेत नाही. … नाही. … दाजी, तुम्ही मोठे आहात, तुमचा मान आहे, पण नाही. …

ताई, ते काय म्हणतायत ते तू नीट सांग, त्यांचा आवाज फार बारीक येतोय. … जाहिरात? कसली? … माझ्या जागेची. कधी लावली? … गेल्या महिन्यात? म्हणजे जेवणाच्या आधीच? … दर वर्षी लावावीच लागते, नियम आहे. बरं. आणि मुदत? … काल संध्याकाळी संपली. …

किती अर्ज आले?

… एकही नाही?

… शहरातून इथे कोण येणार, खरं आहे. या पगारात. … म्हणजे मी माफी मागितली असती तरी मीच, आणि नसती मागितली तरी मीच. … मग हा फोन कशाला? … मान राहावा म्हणून. हं.

आणि मग कालपासून जेवले का नाहीत? … अपचन झालंय? … त्या शेवयांनीच. गोळा बसलाय पोटात. … मुळ्याचा रस दे त्यांना. … नाही, टोमणा नाही, खरंच उतार पडतो.

काय म्हणाले? … 'दुसरं कुणी मिळत नाही, तर निदान ओक्रानच असू दे.' … नाही, राग नाही आला. दुसरं काही हाती नसलं की जे आहे त्याच्यावर भागवायचं, त्यालाही आपल्याकडे तोच 'ना' लावतात. सोमवारी तेच शिकवणार होते. आयतं उदाहरण मिळालं. …

येईन ना. नवं सत्र आहे, येणारच. आणि पुढच्या जेवणालाही मी माझ्याच आवडीचं मागवणार आहे, आधीच सांगते. नासिबाही. … दाजी काय घेणार म्हणाले? … बघतो म्हणाले. बरं. सुरुवात आहे.

ठेवते आता. … सोमवारी, सकाळी. … बसनं. … लवकरच्या की उशिराच्या? दाजी विचारतायत?

त्यांना सांग, उशिराची दोन वर्षांपूर्वीच बंद झाली. एकच आहे.